सहा खणांचं खूळ

घरात हल्ली माझ्यासमोर कोणी तक्रार करत नाही. नवरा म्हणाला, ‘पेपरवाला रोज उशीर करायलाय,’ की मी लगेच विचारते, ‘आपल्याला पेपर किती वाजता लागतो हे त्याला कोणी सांगितलंय का? उशीर झाला तर त्याचं काय बिघडतं? आणि वेळेवर आला तर त्याला काय मिळतं?’ नवरा चष्म्यावरून माझ्याकडे बघतो आणि मुकाट्याने मोबाइलवर बातम्या वाचायला लागतो. त्याच्या मते मला खूळ लागलंय. लागू दे! परफॉर्मन्स कन्सल्टिंग नावाची एक अख्खी विद्या जगात पन्नास-साठ वर्षं नांदते आहे, माणसं कामावर अशी का वागतात आणि त्यांचं काम सुधारायचं तर नेमकं काय हलवावं लागतं याचा तिने इतका बारीक विचार करून ठेवलाय, आणि ती मला भेटली ती आत्ता, थर्मल वीजकेंद्राच्या गावात लाइट गेलेली असताना, मोबाइलच्या उजेडात. आता मी गप्प कशी बसू?

मी एका पतसंस्थेत प्रशिक्षणाचं काम बघते. मुख्य कार्यालय परळीत, शाखा आसपासच्या तालुक्यांत. खरीप तोंडावर आला की शाखांमधून कर्जप्रकरणांचा ढीग येतो आणि त्यातल्या बऱ्याच फायली ‘त्रुटी’ एवढा एकच शब्द कपाळावर घेऊन परत जातात. कुठे सातबाऱ्यावर जुना बोजा तसाच, कुठे आठ-अचा उतारा जोडलेला नाही, कुठे जामीनदाराची सही एका पानावर आहे अन् दुसऱ्या पानावर नाही. शेतकरी हेलपाटे घालतो, शाखाधिकारी चिडतो आणि वरून मला निरोप येतो, ‘मॅडम, एक ट्रेनिंग लावा.’ ट्रेनिंग लागतं. हॉल, प्रोजेक्टर, हजेरीपत्रक, पोहे, चहा, शेवटी बॅनरसमोर फोटो. पुढच्या हंगामात पुन्हा त्याच त्रुटी, पुन्हा तोच निरोप. यंदा ट्रेनिंगसाठी एखादा नवा खेळ मिळतो का ते शोधत होते. खेळ राहिला बाजूला, सहा खणांचा एक तक्ता समोर आला आणि झोप उडाली.

तक्ता थॉमस गिल्बर्ट यांचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, बी. एफ. स्किनर यांच्या वर्तनविज्ञानाच्या परंपरेतले, पण प्रयोगशाळा सोडून कारखान्यांत आणि कचेऱ्यांत शिरलेले. 1978 मध्ये त्यांचं ‘ह्यूमन कॉम्पिटन्स’ हे पुस्तक आलं, त्यात हे सहा खण आहेत. वरच्या ओळीत माणसाच्या भोवतालच्या गोष्टी : माहिती, साधनं, मोबदला. खालच्या ओळीत माणसाच्या अंगच्या : ज्ञान, क्षमता, इच्छा. काम बिघडलं की यातला कोणता खण रिकामा आहे ते बघायचं आणि बघायला सुरुवात वरच्या ओळीपासून करायची, कारण तिथली दुरुस्ती स्वस्तात होते आणि फरक मोठा पडतो. आपण काय करतो? थेट खालच्या ओळीत उडी! ‘त्याला येत नाही’ नाहीतर ‘त्याला करायचंच नाही’. येत नसेल तर ट्रेनिंग, करायचं नसेल तर मेमो. कामावरच्या माणसाला आपण त्याच्याकडून काय हवंय ते नीट सांगितलंय का, चुकलं तर कुठे चुकलं ते त्याला कळतंय का, हातात दिलेलं साधन धड आहे का, हे विचारायच्या आधीच त्याच्या डोक्यात नाहीतर मनात खोट काढून आपण मोकळे!

आणि बघा, हा विचार निघाला तोच मुळी शिकवणाऱ्यांच्या गोटातून. 1962 मध्ये अमेरिकेत क्रमबद्ध अध्यापन करणाऱ्यांनी आपली एक संस्था काढली. नाव होतं नॅशनल सोसायटी फॉर प्रोग्रॅम्ड इन्स्ट्रक्शन. म्हणजे शिकवणं हेच ज्यांचं दैवत, अशी मंडळी. त्यांनी उत्तम शिकवलं, लोक उत्तम शिकले, परीक्षेत पास झाले आणि कामावर जाऊन पूर्वीसारखंच वागले! मग या मंडळींनी विचारायला सुरुवात केली की शिकूनही काम का सुधारत नाही. संस्थेच्या नावातून ‘इन्स्ट्रक्शन’ हळूहळू मागे सरलं आणि आज ती इंटरनॅशनल सोसायटी फॉर परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट म्हणून ओळखली जाते. शिकवणाऱ्यांनी स्वतःच्या पाटीवरून शिकवणं पुसावं! मला तर यातला प्रामाणिकपणा एखाद्या कादंबरीसारखा भिडला.

रॉबर्ट मॅगर आणि पीटर पाइप या जोडीने 1970 मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यातला एक प्रश्न मी आता पर्समध्ये चिठ्ठीवर लिहून फिरते. आपल्या भाषेत तो असा होईल : मानेवर सुरी ठेवली तर या माणसाला हे काम करता येईल का? येत असेल तर ट्रेनिंगचा खर्च वाया, कारण अडचण ज्ञानाची नाहीच. मी आमच्या शाखांतल्या एकेका माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. वीस-वीस वर्षं कर्जाचं टेबल सांभाळणारी माणसं ही. सुरीची गोष्ट सोडा, लग्नाच्या पंगतीत विचारलं तरी कर्जप्रकरणाला लागणारे कागद ते घडाघडा म्हणून दाखवतील. आणि त्यांना मी दरवर्षी स्लाइडवर तीच यादी दाखवते!

आमच्याकडे खेड्यातून दवाखान्यात आलेला माणूस बाकावर टेकायच्या आधीच ‘डॉक्टर, एक सलाइन लावा’ म्हणतो. भला डॉक्टर सलाइन लावत नाही. जीभ बघतो, पोट दाबतो, काल काय खाल्लं विचारतो. डेना आणि जेम्स रॉबिन्सन या दांपत्याने 1995 मध्ये ‘परफॉर्मन्स कन्सल्टिंग’ याच नावाच्या पुस्तकात प्रशिक्षण खात्यातल्या माणसांना हेच सांगितलं. ट्रेनिंगची मागणी आली की तारीख आणि हॉल ठरवू नका. आधी साहेबांना विचारा, काय घडायला हवंय आणि सध्या काय घडतंय? मी विचारलं. आमचे साहेब चक्रावले. पण माणूस दिलदार. म्हणाले, ‘मॅडम, तुम्हीच बघून या मग.’

मग मी निघाले. एसटीने, कधी वडाप जीपने, शाखा-शाखांत जाऊन नुसती बसले. शिकवायला नाही, बघायला! कर्जाच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकायची, चहा घ्यायचा आणि हात कुठे थांबतो ते बघायचं. सुरुवातीला सगळे सावध. ‘इन्स्पेक्शन हाय का मॅडम?’ नाही म्हटलं तरी विश्वास बसेना. दुपारपर्यंत बसले की मग बोलायला लागायचे, आणि एकदा बोलायला लागल्यावर काय काय बाहेर आलं!

वरचा पहिला खण, माहिती. लागणाऱ्या कागदांची यादी मध्यंतरी बदलली होती. बदलाचं परिपत्रक शाखांना गेलं होतं व्हॉट्सअॅपवर, कागदाचा तिरपा फोटो काढून. एका शाखेत तो फोटो ज्याच्या मोबाइलवर आला त्याची बदली झाली आणि परिपत्रक त्याच्यासोबत गेलं. दुसऱ्या शाखेत भिंतीवर जुनी यादी अजून लावलेली, वर गणपतीचं स्टिकर. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, परत येणाऱ्या फायलीवर ‘त्रुटी’ लिहिलेलं असतं, कोणती त्रुटी ते नसतं! आमच्या एका वरिष्ठ लिपिकांना सगळे मामा म्हणतात. निवृत्तीला आलेत. ते म्हणाले, ‘मॅडम, आम्ही अंदाज लावायलोत. हे जोडून बघावं, ते जोडून बघावं. लॉटरीच हाय ही.’ शेरा येईपर्यंत निम्मा हंगाम सरलेला असतो, नवी प्रकरणं त्याच पद्धतीने वर गेलेली असतात. चूक कळायलाच इतका उशीर, तर ती सुधारणार कशी?

दुसरा खण, साधनं. झेरॉक्स मशीन फिकं उमटवतं म्हणून छाननीत आठ-अ वाचता येत नाही. तो शेतकऱ्याने दिला होता, कारकुनाने जोडला होता, तरी ती ‘त्रुटी’. यावर मी कोणतं व्याख्यान देणार होते?

तिसऱ्या खणापाशी मात्र मी हातातला चहा खाली ठेवला. मॅगर आणि पाइप म्हणतात, चांगलं काम केल्यावर माणसाच्या वाट्याला काय येतं ते बघा. कधी कधी शिक्षा येते. एका शाखेतली एक मुलगी, तिची फाइल कधीच परत येत नाही. तिला काय मिळालं? शेजारच्या दोन टेबलांवरच्या फायली! ‘तुझं बरोबर असतंय, हे पण बघ जरा.’ संध्याकाळी सगळे निघून जातात आणि ती बसलेली असते. ज्याच्या फायली परत येतात तो साडेपाचला घरी. आपल्याकडे प्रत्येक कचेरीत, शाळेत, बँकेत, पंचायत समितीत हे घडतं, जो काम करतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, आणि आपण त्याला नशीब म्हणून सोडून देतो. इथे कोणीतरी त्याला कारण म्हणून पकडलंय! हे वाचताना मी एकटीच मोठ्याने ‘हो, हो’ म्हणत होते.

अजून एक जागा सापडली, ती तर कोणत्याच टेबलावर नव्हती. शाखेने फाइल पाठवली की शाखेचं काम संपतं. छाननीच्या टेबलावर आली की त्यांचं सुरू होतं. मधला प्रवास कोणाचा? कोणाचाच नाही! कधी शिपायाच्या पिशवीत, कधी साहेबांच्या गाडीच्या डिकीत. गीअरी रमलर आणि अॅलन ब्रॅश यांचं 1990 चं पुस्तक याच गोष्टीवर उभं आहे. संस्थेच्या तक्त्यात चौकोन असतात, चौकोनांना साहेब असतात. काम मात्र चौकोनांमधल्या रिकाम्या जागेतून वाहतं आणि तिथेच सांडतं. आमच्याकडे दोन्ही बाजूची माणसं एकमेकांना फोनवरच्या आवाजानेच ओळखत होती.

काम माणसाइतकंच त्याच्या भोवतालावर चालतं, हे परळीच्या माणसाला खरं तर अमेरिकेतून कळायला नको होतं. 2013 चा दुष्काळ आठवा. फेब्रुवारीत गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही आणि थर्मलचे 210 मेगावॉटचे तीन, 250 चे दोन, असे मिळून 1130 मेगावॉटचे संच बंद पडले. 2015 मध्ये पुन्हा तेच. कंट्रोल रूममधली माणसं तीच होती. त्यांचं ज्ञान आदल्या महिन्याइतकंच होतं, हौस तितकीच, शिस्त तितकीच. वीज शून्य! त्या वेळी कोणी म्हणालं असतं का की ऑपरेटरांसाठी दोन दिवसांचं प्रेरणा शिबिर घ्या? अख्खं गाव हसलं असतं. पाण्याअभावी बाष्प नाही आणि बाष्पाअभावी टर्बाइन फिरत नाही, एवढं इथल्या शाळकरी पोरालाही समजतं. पण कारकुनाच्या टेबलावरचं पाणी आटलं तर ते कोणाला दिसत नाही, म्हणून आपण त्यालाच टर्बाइन फिरवायला शिकवतो.

एडवर्ड्स डेमिंग यांचा लाल मण्यांचा खेळ वाचला तेव्हा तर मी नाचायचीच बाकी राहिले. जपानी उद्योगांना गुणवत्तेचे धडे देणारा हा संख्याशास्त्रज्ञ. आपल्या कार्यशाळेत तो लोकांना कामगार म्हणून पुढे बोलवायचा. डब्यात पांढरे आणि लाल मणी मिसळलेले, हातात पन्नास खळग्यांची फळी. फळी बुडवायची, वर काढायची, पांढरे मणी हवेत, लाल म्हणजे दोष. ज्याच्या फळीवर लाल कमी, त्याचं कौतुक. ज्याच्या फळीवर जास्त, त्याची कानउघाडणी. पुढच्या फेरीत कौतुक झालेल्याच्याच फळीवर लाल मण्यांची गर्दी! डब्यात लाल मणी आहेत तोवर कामगार बिचारा काय करणार? डेमिंगचा स्वतःच्या अनुभवावरचा अंदाज असा की दर शंभरातल्या चौऱ्याण्णव अडचणी व्यवस्थेच्या असतात, आणि व्यवस्था बदलणं वरिष्ठांच्या हातात असतं. आकडा अंदाजाचाच आहे, देववाणी नाही. पण अर्धाच खरा मानला तरी मेमोंचे किती ताव वाचतील!

हे सगळं परदेशी वाटत असेल तर आपल्याच महाराष्ट्रातला लखीना पॅटर्न घ्या. जुन्या सरकारी माणसांना हे नाव तोंडपाठ आहे, मी मात्र ते या नव्या डोळ्यांनी पहिल्यांदा वाचलं. 1980 च्या दशकात अनिलकुमार लखीना तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी काय केलं? कर्मचाऱ्यांना उपदेश करत बसण्यापेक्षा कचेरीच बदलली! दप्तरं उघडून अभिलेख लावले, कोणता कागद किती काळ ठेवायचा त्यानुसार त्यांचं वर्गीकरण केलं, बसण्याची मांडणी बदलली, कोणाचं काम काय ते लिहून काढलं. माणसं तीच, पगार तोच. तोपर्यंत जो कागद शोधण्यात दिवस जायचा तो हाताशी आला. पुढे राज्यभरच्या कार्यालयांनी तो कित्ता गिरवला. 2017 च्या सुमारास पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम चालवली, त्यातली सहा गठ्ठ्यांची पद्धत तर इतकी सुंदर आहे की मी घरातल्या कागदांनाही लावली : प्रलंबित, प्रतीक्षेतली, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जाणारी आणि नष्ट करायची. लखीनांनी गिल्बर्ट वाचला होता की नाही, मला त्याने फरक पडत नाही. वरच्या ओळीचे खण भरले की खालची ओळ आपोआप उजळते, हे नगरच्या कचेरीत घडून गेलंय आणि त्यासाठी कोणाला अमेरिकेला जावं लागलं नाही.

गिल्बर्टचीच आणखी एक युक्ती सांगते, मग श्वास घेते. संस्थेतल्या सर्वांत चांगल्या माणसाचं काम आणि सरासरी माणसाचं काम यांत किती अंतर आहे ते तो मोजतो. अंतर मोठं असेल तर आपण कपाळाला हात लावतो. तो खूश होतो! कारण तेवढं सुधारायला वाव आहे आणि ते कसं जमतं हे दाखवणारा माणूस घरातच बसलाय. मी परत त्या मुलीकडे गेले, जिची फाइल परत येत नाही. ती हुशार आहे, मेहनती आहे, हे सगळे सांगतात. पण ती करते काय? बघत बसले तेव्हा दिसलं. शेतकरी अर्ज मागायला आला की ती आधी अर्ज देतच नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तिने स्वतः केलेली यादी आहे, ती त्याच्यासमोर धरते, एकेका कागदावर बोट ठेवते आणि नसलेले कागद त्याच्याच हाताने चिठ्ठीवर लिहून घेते. मुख्य कार्यालयात तिची एक मैत्रीण आहे, छाननीत नवीन काय अडतंय ते ती हिला फोनवर सांगते. एवढंच! म्हणजे माहितीचा खण तिने स्वतःच्या हिमतीवर भरून घेतला होता. ती एक वही आणि ती एक मैत्रीण बाकीच्या शाखांना का मिळू नये?

म्हणून यंदा ट्रेनिंग झालं नाही. तिच्या वहीतली यादी एका पानावर छापून प्रत्येक फायलीच्या आतल्या बाजूला चिकटवली. जो हॅर्लेस नावाचा याच पंथातला एक जण होता, लांबलचक कोर्सच्या जागी बहुतेक वेळा असा एखादा कागद पुरतो यावर त्याचा भारी विश्वास. फाइल परत पाठवायची तर नेमकं कारण लिहिलेली चिठ्ठी लावायची आणि त्याच दिवशी शाखेला फोन करायचा, असं छाननीच्या टेबलाने मान्य केलं. कुरकुर करत, पण केलं. एक झेरॉक्स मशीन दुरुस्त झालं. परत येणाऱ्या फायली कमी दिसायला लागल्यात. हंगाम अजून संपलेला नाही, पेढे वाटायची घाई मी करणार नाही.

मामांना मात्र हे सगळं पूर्ण पटलेलं नाही. ‘मॅडम, काही काही माणसं मुळातच कामचोर असत्यात. त्यायला सोन्याचं टेबल द्या, तरी तेच.’ असतात, मामा. खालचे तीन खण गिल्बर्टने उगाच काढलेले नाहीत. फक्त त्यांच्यावर सगळ्यात शेवटी यायचं, वरचे तीन पालथे घालून झाल्यावर.

मला स्वतःला टोचते ती गोष्ट वेगळीच. बीड जिल्ह्यातून दर हिवाळ्यात ऊसतोडीला जाणारी जोडपी बघा. वरचे खण किती पक्के भरलेत! हिशेब टनावर, उचल आधीच हातात दिलेली, एक दिवस खाडा झाला की दंड. ऊस तुटतो, भरपूर तुटतो. आणि 2019 मध्ये याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांतही विसावा घेणं ज्या व्यवस्थेत दंडाचं कारण ठरतं, ती व्यवस्था कामगिरी काढून घेण्यात वाकबगारच म्हणायची. गिल्बर्टने मिळालेल्या कामाची किंमत भागिले त्यासाठी मोजलेली किंमत असं सूत्र मांडलंय. खालचा आकडा कोणाच्या शरीरातून वसूल होतोय, हे त्या भागाकारात आपोआप दिसत नाही. ते विचारणाऱ्यानेच विचारावं लागतं. सल्लागार पैसे साहेबांकडून घेतो, कारकुनाकडून नाही, हेही विसरून चालत नाही. माझं खूळ यामुळे उतरलं नाही, पण चिठ्ठीवर मॅगरच्या प्रश्नाखाली मी आणखी एक ओळ लिहिली : सुधारणा झाली तर कोणाचं ओझं वाढेल?

परवा मासिक अहवाल भरायला बसले. माझ्या कामाचा तक्ता : घेतलेली प्रशिक्षणं, उपस्थितांची संख्या, फोटो जोडले आहेत का. या महिन्यात तिन्ही रकाने रिकामे! म्हणजे शाखांमध्ये फिरून, माणसांशेजारी बसून, जे काही हललं ते या कागदावर शून्य, आणि हॉल घेऊन पोहे वाटले असते तर मी उत्तम कर्मचारी! माझ्याच टेबलावर तिसरा खण उलटा टांगलेला, आणि हा अहवाल इतकी वर्षं माझ्याच सहीने वर जात होता. तसाच साहेबांकडे घेऊन गेले. म्हटलं, रकाना बदला. परत आलेल्या फायली किती आणि त्या का परत आल्या, यावर माझं काम मोजा. साहेब म्हणाले, संचालक मंडळापुढे ठेवावं लागेल. ठेवा म्हटलं. तोवर पुढच्या सोमवारी सोनपेठला जायचंय, तिथे पिग्मी एजंटांची वसुली घसरलीय आणि वरून निरोप आलाय की त्यांच्यासाठी एक ट्रेनिंग लावा.